माहेरच्या नांवावर जमा झालेले आठ हजार चारशें

मिळकत एकाच दारानें घरांत येत असे तोंपर्यंत प्राप्तिकराची कटकट घरांतल्या एका माणसास पुरत असे. वडील माणूस शाळेंत किंवा कचेरींत नोकरीस. पगार एक, दाखला एक, आणि मार्च सरतां सरतां कचेरीचा कारकूनच काय ते आंकडे जुळवून देई. तो काळ आतां राहिला नाहीं. आमच्याच घरांत पाहावें तर धाकटी सून तीन महाविद्यालयांत शिकविते, पुतण्यानें एका वर्षांत दोन कंपन्यांचा पगार घेतला, आणि वाड्याच्या दर्शनी भागाचें भाडें आमचें कीं कुटुंबाचें हा प्रश्न सुटावयास आम्हांस दोन वर्षें लागलीं. प्रत्येक दारावर बसलेला माणूस आपल्यापुरता कर कापतो आणि मोकळा होतो. सगळ्यांचा मेळ कोणीं घालावयाचा, हें मात्र कोणी सांगत नाहीं.

सुनेची हकीकत प्रथम सांगतों, कारण तींतली मूळ चूक आमची होती.

जळगांव, धुळें आणि नंदुरबार या तीन जिल्ह्यांतलीं महाविद्यालयें १९९० सालीं स्थापन झालेल्या उत्तर महाराष्ट्र विद्यापीठास जोडलेलीं आहेत. २०१८ पासून या विद्यापीठास कवयित्री बहिणाबाई चौधरी यांचें नांव आहे. येथें काय आणि इतरत्र काय, पुष्कळ ठिकाणीं कायमच्या जागा रिकाम्या आणि शिकविणारी तरुण मंडळी तासिका तत्त्वावर, अशी स्थिति दिसते. जितके तास घ्यावे तितक्यांचें मानधन. एका ठिकाणच्या तासांवर भागत नाहीं, म्हणून सून सोमवार-मंगळवार जळगांवास, बुधवार-गुरुवार तापी खोऱ्याच्या गाडीनें अमळनेरास, आणि शुक्रवार-शनिवार एरंडोल-पारोळ्यावरून एस. टी. नें धुळ्यास, असा आठवडा काढते. विषय इतिहास. धुळें तिचें माहेर. इतिहासाचार्य राजवाडे यांच्या मागून १९२७ सालीं तेथें जें संशोधन मंडळ निघालें, त्याच्या दफ्तरांत बसून तिनें आपल्या प्रबंधाचे कागद वाचले. वडील नाहींत, आई एकटी असते. शुक्रवारची रात्र आईजवळ काढतां येईल या लोभानेंच तिनें २०२४ च्या जुलैंत धुळ्याचे तास पत्करले, हें ती बोलली नाहीं तरी आम्ही जाणून होतों.

२०२४-२५ या वर्षीं जळगांवचे १,४४,००० रुपये, अमळनेरचे ९६,००० आणि धुळ्याचे ८४,००० अशी तिची प्राप्ति झाली, एकूण ३,२४,०००. तिन्ही संस्थांनीं १९६१ च्या प्राप्तिकर कायद्याचें १९४जे हें कलम, म्हणजे व्यावसायिक शुल्काचें कलम, लावून शेंकडा दहा कापले. १४,४००, ९,६०० आणि ८,४०० मिळून ३२,४०० रुपये सरकारांत गेले. त्या वर्षीं नव्या करपद्धतींत सात लाखांपर्यंतच्या उत्पन्नास सवलतीमुळें कर पडत नव्हता. अर्थात् तिची कापलेली पै अन् पै परत मिळावयाची होती. ज्याला कर लागतच नाहीं त्याचे पैसे आधीं कापावे कां, असें आमच्या सौ. नीं विचारलें. व्याजाच्या बाबतींत १५जी नांवाचा अर्ज बँकेंत देऊन कपात थांबवितां येते, पण तो अर्ज या कलमास लागू नाहीं. कपात कमी करवून घ्यावयाची तर प्राप्तिकर अधिकाऱ्याकडे १९७ कलमाखालीं आगाऊ दाखल्यासाठीं अर्ज करावा लागतो. तीन गांवीं तास घेणारी मुलगी हा उपद्व्याप केव्हां करणार? ती म्हणाली, "कापले तर कापले, वर्षाअखेर एकरकमी हातीं येतील."

आणि त्या एकरकमेचें ठिकाण तिनें मनाशीं ठरविलें होतें. आईच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदु उतरला होता. आम्ही खर्च करूं असें आम्हीं सुचविलें, तेव्हां तिनें नम्रपणें पण स्पष्ट सांगितलें, "मामंजी, आईचे डोळे माझ्या तासांतूनच व्हायचे आहेत." यावर आम्ही कांहीं बोललों नाहीं, आमच्या सौ. नीं मात्र देवघरांत जाऊन डोळे पुसले.

२०२५ च्या जुलैंत विवरणपत्र भरावयाचें ठरलें. तत्पूर्वीं तिनें खात्याच्या संकेतस्थळावरून २६एएस हें पत्रक काढलें. हें पत्रक म्हणजे काय तें जुन्या घरांतल्या माणसास एका शब्दांत सांगतां येईल: खतावणी. कर कापणाऱ्या संस्था जी रोजकीर्द लिहितात, म्हणजे दर तिमाहीस सरकारकडे जें पत्रक पाठवितात, त्यांतून प्रत्येक माणसाच्या नांवें जें उतरतें तें या खतावणींत दिसतें. संस्थेनें आपल्या हातीं काय कागद दिला याला किंमत दुय्यम. खतावणींत रक्कम उतरली असेल तरच ती आपली. २०२१ च्या नोव्हेंबरपासून याच्या जोडीस वार्षिक माहितीचें आणखी एक विस्तृत पत्रक मिळूं लागलें. त्यांत बँकेचें व्याज, लाभांश, समभागांची विक्री असल्या गोष्टीहि दिसतात. दोन्ही समोर ठेवून बसावें.

सुनेनें पत्रक उघडलें आणि थोड्या वेळानें आमच्या खोलीच्या दाराशीं येऊन उभी राहिली. "मामंजी, धुळ्याचे पैसे उतरलेच नाहींत." जळगांवचे १४,४०० होते, अमळनेरचे ९,६०० होते, धुळ्याच्या संस्थेचें नांवहि नव्हतें.

आमचा पहिला तर्क, संस्थेनें पैसे कापून भरलेच नसावेत, हा होता; आणि तो आम्हीं तावातावानें बोलूनहि दाखविला. तो तर्क अन्यायाचा ठरला. पुढच्या शुक्रवारीं ती धुळ्यास गेली तेव्हां तेथील लेखनिकानें तिला संस्थेच्या कागदावर टंकलेखन केलेलें एक पत्र पुन्हा दाखविलें: ८,४०० रुपये कापले, भरले. वास्तविक असें घरगुती पत्र उपयोगाचें नसतें. पगाराखेरीजच्या कपातीचा दाखला १६ए या नमुन्यांतच असावा लागतो, तो खात्याच्या यंत्रणेंतूनच उतरवून घ्यावा लागतो, आणि त्यावर दाखल्याचा स्वतंत्र क्रमांक व आपला कायम खाते क्रमांक, ज्याला सगळे पॅन म्हणतात तो, छापलेला असतो. सुनेनें तो दाखला मागितला. लेखनिक चांगला होता, त्यानें तिच्यासमोरच तो उतरविला, आणि त्यावर जो क्रमांक आला तो तिचा नव्हता.

म्हणजे होता, आणि नव्हताहि. तो तिच्या माहेरच्या नांवाचा होता.

येथें आम्हांस आमच्या चुकीकडे यावयास हवें. २०१४ सालीं लग्न झालें तेव्हां चालीप्रमाणें ताटांत तांदूळ पसरून सोन्याच्या अंगठीनें नवें नांव लिहविलें. नांव आम्हींच सुचविलें होतें, आमच्या मातोश्रींचें. एका दिवसांत मुलीचें स्वतःचें नांव बदललें, मधलें नांव बापाचें जाऊन नवऱ्याचें आलें, आणि आडनांवहि बदललें. पंधरा दिवसांनीं बँकेंत खातें काढावयाचें होतें. तिच्यापाशीं २००९ सालचें, विद्यार्थिदशेंत काढलेलें, माहेरच्या नांवाचें पॅनकार्ड होतें. "नवें नांव, नवें कार्ड," असें म्हणून आम्हींच तिला बाजारांतल्या एका दुकानीं पाठविलें आणि त्या दुकानदारानें नव्या क्रमांकाचा अर्ज भरून दिला. नांव दुरुस्त करण्याचा अर्ज निराळा असतो हें ना आम्हांस ठाऊक होतें, ना त्यानें सांगितलें.

वास्तविक हा क्रमांक जन्माच्या कुंडलीसारखा एकदांच मिळतो. दहा अक्षरें व अंक: आरंभीं पांच अक्षरें, मग चार अंक, शेवटीं एक अक्षर. चौथें अक्षर खातेदाराची जात सांगतें. व्यक्ति असेल तर 'पी', हिंदु अविभक्त कुटुंब असेल तर 'एच', कंपनी असेल तर 'सी'. पांचवें अक्षर व्यक्तीच्या आडनांवाचें आद्याक्षर. आडनांव पुढें बदललें तरी तें अक्षर बदलत नाहीं, कार्डावरचें नांव तेवढें दुरुस्त होतें. एका माणसापाशीं दोन क्रमांक असणें हा दोष आहे, आणि १९६१ च्या कायद्याच्या २७२बी कलमांत त्यासाठीं दहा हजार रुपयांच्या दंडाची तरतूद आहे. अकरा वर्षें आमची सून हा दोष पदरांत घेऊन हिंडत होती, आणि तो तिच्या पदरांत आम्हीं घातला होता.

धुळ्याच्या संस्थेंत ती लग्नापूर्वीं कांहीं महिने शिकवीत होती. तेव्हांचा तिचा कागद दफ्तरांत होता. २०२४ सालीं पुन्हा तास मिळाले तेव्हां लेखनिकानें ओळखीनें जुनाच क्रमांक उचलला आणि नवें नांव तेवढें घातलें. तेव्हां पैसे कोणीं खाल्ले नव्हते कीं अडकवून ठेवले नव्हते. ८,४०० रुपये सरळ माहेरीं जाऊन बसले होते. आईस हें कळलें तेव्हां ती हंसून म्हणाली, "सरकारला तरी माझी मुलगी अजून माझीच वाटते."

गंमत येथें संपली. जुना क्रमांक आधाराशीं जोडलेला नव्हता, आणि जोडतां येणेंहि शक्य नव्हतें, कारण आधार नव्या क्रमांकास जोडलेलें. १ जुलै २०२३ पासून न जोडलेले क्रमांक निष्क्रिय झाले, आणि अशा क्रमांकावर पैसे देणारास दहाऐवजीं वीस टक्के कापावे लागतात. धुळ्याच्या संस्थेनें दहाच कापले होते. म्हणून उरलेल्या दहा टक्क्यांची, म्हणजे आणखी ८,४०० रुपयांची आणि वर व्याजाची मागणी संस्थेकडे येऊन पडली होती. लेखनिक ती कोणाची म्हणून शोधीतच होता. दोघांचीहि अडचण एकाच चुकीची निघाली, हें बरेंच झालें. नाहींतर संस्थेनें दुरुस्तीसाठीं इतकी तत्परता दाखविली असती कीं नाहीं, आम्हांस शंका आहे.

उपाय असा झाला. संस्थेनें कपात ज्या तीन तिमाह्यांत दाखविली होती त्या तिहींचीं दुरुस्तीपत्रकें भरून जुन्या क्रमांकाच्या जागीं नवा क्रमांक घातला. हें काम कर कापणारासच करतां येतें. आपण प्राप्तिकर कचेरींत कितीहि अर्ज केले तरी दुसऱ्याच्या रोजकीर्दींतली ओळ आपल्याला खोडतां येत नाहीं. इकडे सुनेनें जुना क्रमांक परत करण्याचा अर्ज केला. तिचीं आजवरचीं विवरणपत्रें, बँकेचीं खातीं, आधार, सर्व नव्या क्रमांकावर होतें, म्हणून तोच ठेवला. त्या वर्षीं विवरणपत्राची मुदत ३१ जुलैवरून १५ सप्टेंबरपर्यंत आणि शेवटीं आणखी एक दिवस वाढविली गेली होती, ती आमच्या पथ्यावर पडली. सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यांत २६एएस पुन्हा उघडलें तेव्हां धुळ्याची संस्था तिसऱ्या ओळींत दिसली.

ज्यांच्या घरीं असें अनेक ठिकाणचें काम आहे त्यांनीं या पत्रकांतलीं बारीक अक्षरें वाचावयास शिकावें. प्रत्येक ओळींत कापणाराचें नांव असतें आणि त्याचा टॅन, म्हणजे कपातीचा खाते क्रमांक. तोहि दहा चिन्हांचा, पण त्यांत चार अक्षरें, पांच अंक आणि एक अक्षर असा क्रम. मग कलम. १९६१ च्या कायद्याप्रमाणें १९२ असेल तर तुम्हांस पगार दिला असें संस्थेनें मानलें. १९४जे असेल तर शुल्क. १९४सी असेल तर कंत्राट, आणि त्यांत व्यक्तीची कपात शेंकडा एकच. एकाच कामास एक संस्था पगार म्हणते आणि दुसरी शुल्क म्हणते, असें पुष्कळदां आढळतें. याचा परिणाम कपातीपुरता नसतो. पगारावर त्या वर्षीं नव्या पद्धतींत ७५,००० रुपयांची सरसकट वजावट मिळत होती, शुल्कावर ती नाहीं. शुल्कावर खरा झालेला खर्च, जसें जाण्यायेण्याचें भाडें, वजा मागतां येतो, पगारावर तो नाहीं. डॉक्टर, वकील, अभियंता यांच्यासाठीं जी अर्धें उत्पन्न नफा मानण्याची सोपी सवलत ४४एडीए कलमांत होती, तिच्या यादींत अध्यापनाचें नांव नाहीं. म्हणून आमच्या सुनेनें एस. टी. चीं तिकिटें एका पाकिटांत जपून ठेवलीं आहेत.

ओळीच्या शेवटीं आणखी एक अक्षर असतें, आणि तेंच सर्वांत बोलकें. 'एफ' असेल तर रक्कम सरकारांत भरलेल्या चलनाशीं जुळली, काम झालें. 'यू' असेल तर जुळली नाहीं, म्हणजे कापणाराच्या पत्रकांत किंवा चलनांत घोटाळा आहे. 'पी' हें सरकारी कचेऱ्यांच्या बाबतींत तात्पुरत्या नोंदीचें, आणि 'ओ' असेल तर मागितलेली रक्कम भरलेल्या रकमेहून जास्त झाली. 'एफ'शिवाय दुसरें अक्षर दिसलें तर विवरणपत्र भरण्यापूर्वींच संस्थेच्या लेखनिकाची गांठ घ्यावी. संस्थेनें चौथ्या तिमाहीचें पत्रक ३१ मेपर्यंत द्यावयाचें असतें, म्हणून जूनच्या मध्यापूर्वीं हें पाहून उपयोग नाहीं.

आतां पुतण्याचें. त्याचें नेमकें उलट झालें. सप्टेंबरअखेर एका ठिकाणची नोकरी सोडून त्यानें ऑक्टोबरांत दुसरी धरली. २०२४-२५ या वर्षांत पहिल्या सहामाहींत ४,२०,००० आणि दुसऱ्या सहामाहींत ४,८०,००० मिळाले. दोन्ही मालकांनीं आपापल्या आंकड्यांतून ७५,००० ची वजावट दिली, दोघांनाहि उत्पन्न सात लाखांच्या आंत दिसलें, दोघांनींहि कर शून्य काढला. पुतण्या खूष. आम्हीं दोन्ही दाखले शेजारीं ठेवून बेरीज केली: नऊ लाख, वजावट एकदांच, म्हणून ८,२५,०००. तीन ते सात लाखांवर पांच टक्के २०,०००. उरलेल्या सव्वा लाखावर दहा टक्के १२,५००. त्यावर चार टक्के उपकर १,३००. देणें ३३,८००, आणि आगाऊ कर भरला नाहीं म्हणून व्याज वेगळें. पोराचा चेहरा पाहण्यासारखा झाला. त्यानें त्या पैशांची दुचाकी नक्की केली होती. नव्या मालकास पहिल्याच महिन्यांत १२बी या नमुन्यांत आधींच्या पगाराची व कपातीची माहिती दिली असती तर हेंच देणें सहा महिन्यांत विभागून, न बोचतां गेलें असतें. असें सांगण्याचा हक्क कायद्यानें नोकरास दिलेला आहे. परंतु मालकानें आपण होऊन विचारलें पाहिजे असें तरुण मंडळींस वाटतें.

इंग्लंडांत ही व्यवस्था निराळी आहे. आमची एक भाची तेथें अंगमर्दनाची चिकित्सा करते आणि एजन्सींमार्फत निरनिराळ्या रुग्णालयांत कामास जाते. तेथें १९४४ पासून पगारांतून कर कापण्याची जी पद्धत आहे तींत करखातें प्रत्येक मालकास त्या नोकराचा एक कोड कळवितें. '१२५७एल' असा कोड असला तर वर्षाला १२,५७० पौंडांपर्यंत कर नाहीं, असा अर्थ. शेवटचा आंकडा गाळून लिहिण्याची रीत. ही माफी एका वेळीं साधारणतः एकाच मालकाकडे मिळते, दुसऱ्याकडे 'बीआर' हा कोड येतो, आणि तेथें पहिल्या पौंडापासून वीस टक्के कापतात. भाचीनें पहिली एजन्सी सोडली आणि दोन नव्या धरल्या. पहिलीनें निघतांना दिलेला दाखला तिनें पुढें वेळेवर दिला नाहीं, आणि दोन्हीकडे 'बीआर' लागला. म्हणजे माफी कोठेंच नाहीं. चार महिने आपण जास्त काम करून कमी कां मिळवितों याचा तिला उलगडा होईना. शेवटीं वेतनचिठ्ठीवरच्या त्या दोन अक्षरांकडे तिचें लक्ष गेलें, तिनें करखात्यास कळविलें, आणि पुढच्या वेतनांतून जादा कापलेलें वळतें झालें. पत्रांत तिनें लिहिलें आहे कीं, वेतनचिठ्ठींतला निव्वळ आंकडा पाहून ती घडी करून ठेवण्याची संवय आतां मोडली. आपल्याकडे असा कोड कोणी पाठवीत नाहीं. येथें प्रत्येक मालक आपणच एकटा मालक आहों असें समजून चालतो, आणि शुल्क देणारा तर तुमच्या इतर मिळकतीकडे पाहतच नाहीं.

एकत्र कुटुंबांतल्या मंडळींसाठीं आणखी एक गोष्ट येथें लिहून ठेवतों. कायद्याच्या दृष्टीनें हिंदु अविभक्त कुटुंब हा स्वतंत्र करदाता आहे. त्याचा क्रमांक निराळा, चौथें अक्षर 'एच'. आमच्या वाड्याचा दर्शनी भाग एका बँकेस भाड्यानें दिला आहे. वाडा वडिलार्जित, भाडें कुटुंबाचें. करारावर सही कर्ता म्हणून आमची, म्हणून बँकेच्या कारकुनानें क्रमांकहि आमचाच घातला. दोन वर्षें भाडें कुटुंबाच्या विवरणपत्रांत आणि कपात आमच्या खतावणींत, असा त्रिशंकु लोंबत होता. अशा वेळीं कापणारास लेखी निवेदन देऊन, मिळकत ज्याची त्याच्या क्रमांकावर कपात दाखवावी अशी मागणी करावी लागते. आम्हीं ती उशिरां केली.

रावेर-यावलकडचे आमचे आप्त याबाबतींत आम्हांस हंसतात; त्यांच्या केळीस प्राप्तिकर नाहीं. तें खरें आहे, पण संपूर्ण खरें नाहीं. शेतीचें उत्पन्न केंद्राच्या करांतून मुक्त असलें तरी तें पांच हजारांहून अधिक असेल आणि दुसरें उत्पन्नहि करपात्र मर्यादेबाहेर असेल, तर कराचा दर ठरवितांना तें हिशेबांत धरतात. मुलगा नोकरीस आणि बागाईत त्याच्या नांवें, अशा घरांनीं हें विसरूं नये.

आमच्या एका मित्रांनीं ही सारी हकीकत ऐकून, हा कर इंग्रजांनीं लादलेला रोग आहे असें सांगितलें. १८५७ नंतर रिकामा झालेला खजिना भरण्यासाठीं जेम्स विल्सन यांनीं तो आणला आणि २४ जुलै १८६० पासून तो सुरू झाला, हें खरें. कर सुरू करून विल्सन साहेब पुढच्याच महिन्यांत कलकत्त्यास वारले. पण लहान मिळकतीच्या माणसाची बाजू घेणारेहि आपल्यांतच झाले. १९०२ च्या अंदाजपत्रकावर बोलतांना नामदार गोखले यांनीं करमाफीची मर्यादा वर्षाला पांचशें रुपयांवरून हजार करावी अशी मागणी केली, आणि १९०३ सालीं ती मान्य झाली. त्या काळच्या शाळामास्तरांस आणि कारकुनांस त्याचा केवढा दिलासा वाटला असेल! मर्यादेच्या आंतल्या माणसाचे पैसे आधीं कापून मग परत देण्याची आजची रीत त्यांनीं पाहिली असती तर ते काय म्हणाले असते, हा विचार आमच्या मनांत येऊन गेला.

१९६१ च्या कायद्याच्या जागीं २०२५ चा नवा प्राप्तिकर कायदा मंजूर झाला असून त्याचा आरंभदिन १ एप्रिल २०२६ हा आहे. त्यांत कलमांची सारी फेरमांडणी आहे: पगारावरील कपात ३९२ व्या कलमांत, इतर बहुतेक कपाती ३९३ व्या कलमांत एकत्र, मागील वर्ष आणि आकारणी वर्ष हा जुना घोळ जाऊन एकच करवर्ष. वर दिलेले क्रमांक ३१ मार्च २०२६ पर्यंतच्या मिळकतीस लागू समजावे. ज्यांनीं मागल्या वर्षांतली कपात मागावयाचीच सोडली असेल, त्यांनीं लगेच निराश होऊं नये. मुदतीनंतरचा परताव्याचा दावा सबळ कारण दाखवून उशीर माफ करण्याच्या अर्जासह करतां येतो; १ ऑक्टोबर २०२४ च्या परिपत्रकाप्रमाणें आकारणी वर्ष संपल्यापासून पांच वर्षांची मर्यादा त्यासाठीं घातली आहे.

सुनेचे ३२,४०० रुपये नवरात्रांत आले. तत्पूर्वीं एक दिवस पुन्हा श्वास अडकला होता, कारण परतावा ज्या बँकखात्यांत जावयाचा त्या खात्यावरचें नांव आणि पॅनवरचें नांव जुळून खातें मान्य व्हावें लागतें, आणि तिच्या एका जुन्या खात्यावर अद्याप माहेरचें नांव होतें. सुदैवानें तिनें दुसरें दिलें होतें. दसरा आणि दिवाळी यांच्या मध्यें धुळ्यास आईच्या उजव्या डोळ्याची शस्त्रक्रिया झाली. डाव्याची पुढें झाली. पट्टी काढली त्या दिवशीं आम्ही उभयतां तेथें होतों. बाईंनीं प्रथम मुलीकडे पाहिलें आणि तिला तिच्या लग्नाआधींच्या नांवानें हांक मारली. आमच्या सौ. नीं आमच्याकडे पाहिलें.

निघतांना त्या संस्थेचा लेखनिक भेटावयास आला होता. त्याच्या हातांत एक पाकीट होतें. आपल्या पत्नीचीं दोन कार्डें त्यांत आहेत, आणि सुनेनें तीं जरा पाहून द्यावींत, असें त्याचें म्हणणें होतें.